खानदानाची चौकशी

शुक्रवार, १२ जानेवारी १९६८, देरा, दुबई

आज एकाचं नाक फोडलं. डायरीची सुरुवात बिस्मिल्लाने कर, असं अलीमियाँ चाचांनी ती हातात देताना बजावलं होतं. पण नाक आधी फुटलं आणि डायरी नंतर उघडली, त्याला मी काय करणार.

खाडीच्या धक्क्याला लाकडाची लाँच लागली होती. नंबर आमचा होता. दुसऱ्या टोळीचा मुकादम आपली माणसं घेऊन फळीवर चढला. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत बसणं आमच्या घराण्यात नाही. एकच ठोसा दिला, पण रक्त इतकं आलं की त्याची माणसं आपोआप खाली उतरली. मग आम्ही दुपारपर्यंत लाकूड उतरवलं. रोज हे असंच चालतं. प्रत्येक लाँच म्हणजे नवं भांडण.

मी खैरुद्दीन, हर्णैचा, धक्क्यावरच्या हमालांच्या टोळीचा मुकादम. टोळीतले सगळे आपल्याच किनाऱ्यावरच्या गावांतले. एका खोलीत राहतो, एका ताटात जेवतो. यातला रफिक माझ्या धाकट्या बहिणीचा, हाफिजाचा नवरा. अंगाने किरकोळ, आवाजाने त्याहून किरकोळ. मारामारी सुरू झाली की हा दोन्ही बाजूंना हात जोडत फिरतो. आज त्या फुटक्या नाकाच्या मुकादमाला यानेच पाणी नेऊन दिलं. मी रागावलो तर म्हणाला, उद्या पुन्हा त्याच धक्क्यावर भेटायचंय ना, भाईजान.

गेल्या वर्षी त्याला घेऊन निघालो तेव्हा हाफिजा मला बाजूला घेऊन म्हणाली होती, याला भांडता येत नाही, तुम्ही बघा. मी म्हटलं, माझ्या हातात दिलास ना, मग खलास. काळजी करायची नाही.

शनिवार, २० जानेवारी

काल जुम्म्याच्या नमाजानंतर एक गृहस्थ स्वतःहून भेटायला आले. नूरुद्दीन, बाणकोट खाडीच्या पलीकडचे. पांढरा शर्ट, टाय, हातात चामडी बॅग. रास अल खैमाकडे रस्त्याचं काम निघालंय, त्याला खडी लागणार, आणि खडीसाठी यांनी डोंगर घेतलाय म्हणे. कंपनीचं नाव नूर स्टोन अँड ट्रान्सपोर्ट.

आमच्या खोलीत आले, खाली बसले, आमच्या ताटात हात घालून तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण खाल्लं. मग म्हणाले, "खैरूभाई, लेबर तर रस्त्यावर मिळतं. मला आपली माणसं पाहिजेत. खडी ते फोडतील, मॅनेजर तुम्ही."

मॅनेजर हा शब्द कालपासून डोक्यातून जात नाही. लाँचसाठी कुणाचं नाक फोडायला नको, रोज नंबरासाठी उभं राहायला नको. रफिकने फक्त एकच विचारलं, कंपनीच्या क्वार्टरमध्ये बायको आणता येईल का. नूरुद्दीन म्हणाले, इन्शाल्ला, का नाही. त्यानंतर रफिक जेवलाच नाही, नुसता हसत बसला.

रविवार, ४ फेब्रुवारी

अलीमियाँ चाचा इथल्या आपल्या जमातीतले वडीलधारे. माल फॉरवर्डिंगच्या ऑफिसात काम करतात आणि आमची भांडणं मिटवतात. त्यांचं म्हणणं पडलं की आधी बलदियात, म्हणजे इथल्या म्युनिसिपालिटीत जा. कंपनी रजिस्टर झालीय का, मालक म्हणून कुणाचं नाव आहे, लायसन कसल्या धंद्याचं आहे, ते बघ.

चौकशी केल्याशिवाय पाऊल टाकणारा मी नव्हेच. आपल्यात मुलगी देताना जशी करतात तशी रीतसर केली. कुणाचा मुलगा, आईचं माहेर कुठलं, घरात कुणी पिणारा आहे का, कुणाला तुरुंग झालाय का, आजपर्यंत यांच्यात कुणी मुली दिल्यात आणि त्या सुखात आहेत का. इथे देऱ्यात राहणाऱ्या नूरुद्दीनच्या गावच्या दोघांना विचारलं. गावाकडे निघालेल्या लाँचच्या तांडेलाच्या हाती ताजबी फुफीला निरोप धाडला. तिला किनाऱ्यावरचं प्रत्येक घर पाठ आहे. दुसऱ्या लाँचवरून तिचा उलट निरोप आला की घराणं सोन्यासारखं आहे, डोळे मिटून करा. बापाने गावात मशिदीची विहीर बांधली आहे. हे स्वतः पहिल्या रांगेत नमाज पढतात, ते तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

यापेक्षा आणखी काय तपासायचं असतं, ते मला कुणीतरी सांगावं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चाचा माझ्या पाठीमागे स्वतःच बलदियात जाऊन आले. म्हणाले, या नावाची कंपनी तिथे नाही. मला राग आला, पण वडील माणूस. मी शांतपणे समजावलं की डोंगर रास अल खैमात आहे, तिथला अमीर वेगळा, तिथलं दफ्तर वेगळं, मग दुबईच्या दफ्तरात नाव असेलच कसं. ते म्हणाले, बरोबर आहे, मग तिथे जाऊन विचार, लॉरीने अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे.

मी म्हटलं, "चाचा, मुलाकडच्यांना कुणी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतं का? सोयरीक मोडेल."

"खैरू, आपण मुलगी देत नाही आहोत."

मी म्हटलं, माणसं देतोय, एकच झालं. यावर ते टोपी घालून नमाजाला निघून गेले. म्हणजे त्यांना पटलं असणार.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

हनीफला मारलं. लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल.

हनीफ टोळीतला, पंचविशीचा, कामाला चांगला पण तोंडाने कडू. सगळे सामान बांधत असताना हा ताटावर बसून सगळ्यांसमोर म्हणतो, त्या कंपनीचा कागद कुणी बघितलाय का. याच्या थोरल्या भावाला एका एजंटाने किनारा आला म्हणून भर समुद्रात उतरवलं होतं, तो वर आलाच नाही. ते दुःख मला मान्य आहे. पण म्हणून दर माणसात याला तोच एजंट दिसावा, हे काय.

मी म्हटलं, नूरुद्दीनच्या घराण्याची चौकशी मी केलीय. तो म्हणाला, घराण्याची केलीत, कंपनीची कुठे केलीत. वर म्हणाला, "खैरूभाई, तुम्हाला मॅनेजर म्हटलं आणि तुम्ही विरघळलात."

कुणीतरी हसलं. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी त्याला मानेला धरून उठवलं आणि भिंतीवर आपटलं, मग तोंडावर मारलं, आणि तो खाली बसल्यावरही मारलं. पुढचा एक दात तुटला. रफिक मध्ये घुसला आणि माझ्या हाताला लोंबकळला म्हणून थांबलो, नाहीतर आणखी मारलं असतं. कालवण सगळं जमिनीवर सांडलं होतं. हनीफने तोंड पुसलं, आपली वळकटी घेतली आणि अलीमियाँ चाचांच्या खोलीवर राहायला गेला.

एक कमी झाला तरी काम अडत नाही. मुठीची पेरं मात्र सुजली आहेत.

गुरुवार, १५ फेब्रुवारी, डोंगरावर

दगड असा कठीण की घण उलटून अंगावर येतो. पहिल्याच दिवशी एकाची नडगी फुटली. कपची उडून दुसऱ्याच्या भुवईत शिरली, ती मी चिमट्याने ओढून काढली तेव्हा तो बोंबलला आणि बाकीचे हसले. रक्ताची आता कुणाला नवलाई नाही.

नूरुद्दीनशेठचं काम फार शिस्तीचं. लॉऱ्या येतात त्या सकाळी, आणि दुपार व्हायच्या आत खडी भरून जातात, म्हणजे ड्रायव्हरांना ऊन लागत नाही. कंपनीचा बोर्ड त्यांनी पत्र्यावर सुंदर रंगवून आणलाय. लँडरोव्हरमधून येताना आणतात, जाताना परत घेऊन जातात. रफिकने विचारलं, बोर्ड इथेच का नाही ठोकत. ते म्हणाले, उन्हाने रंग उडतो. वस्तू जपणारा माणूस आहे. आम्हाला बाजाराकडे फिरकू नका म्हणून सांगितलंय, तिथे उगाच लोकांशी भांडणं होतात. माझा स्वभाव त्यांनी बरोबर ओळखला आहे.

क्वार्टर अजून झाले नाहीत. ताडपत्रीखाली राहतो. रफिकने एक सपाट जागा बघून ठेवली आहे आणि तिथे दगड लावून ठेवलेत, इथे चूल, इथे दार. मी त्याला चिडवलं की हाफिजा आली की आधी तुझं दार हलवील.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आज तीन माणसं आली. त्यांचा पुढारी सालेम, पांढऱ्या दाढीचा, खांद्यावर बंदूक. मोडक्या हिंदीत म्हणाला, ये पहाड हमारे कंपनी का है, तुम लोग किसका आदमी. मी कंपनीचं नाव सांगितलं. त्याने दोनदा विचारलं आणि मग हसला. म्हणाला, असली कंपनी इथे कुणी ऐकली नाही. हातात शिक्क्याचा कागद होता, तो पुढे केला. अरबीत होता. मी तो हातात घेतला नाही, घेतला असता तर त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यासारखं झालं असतं. दोन दिवसांत डोंगर खाली करा, असं सांगून ते गेले.

नूरुद्दीनशेठना निरोप पाठवला. ते लगेच आले, पण लँडरोव्हरमधून उतरले नाहीत. इंजीन चालू ठेवूनच बोलले. ही माणसं डोंगर बळकावणारी आहेत, कागद खोटा आहे, परवा मी सरकारी माणूस घेऊन येतो. तोपर्यंत कंपनीची इज्जत तुमच्या हातात आहे, मॅनेजरसाब. मी सांगितलं, माझ्या हातातून आजवर काही सुटलेलं नाही.

रफिक म्हणतो की आपण एक माणूस गावात पाठवून विचारून घेऊ. मी त्याला म्हटलं, तू हनीफची जागा घेतलीस काय. तो उठून पाणी आणायला गेला.

सोमवार, ४ मार्च, देरा

रफिक गेला. कसं झालं ते लिहिलंच पाहिजे, कारण बाकी कुठे मी ते सांगू शकणार नाही.

गुरुवारी सकाळी सालेम परत आला, या वेळी लॉरी भरून माणसं घेऊन. नूरुद्दीनचा पत्ता नव्हता. मी टोळीला पहारी आणि घण उचलायला लावले. काहींनी उचलले, काही मागे सरकले, त्यांना मी शिव्या घातल्या. सालेम एकटाच पुढे आला, बंदूक पाठीवर, हातात तोच कागद. रफिक माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "भाईजान, कागद बघून तर घेऊ. बघायला काय जातं?"

मी त्याला छातीवर हात ठेवून ढकललं, तो दगडावर पडला. सालेमने कागद माझ्या तोंडासमोर धरला आणि मी पहार चालवली. त्याच्या डोक्यावर बसली. लाकूड तडकतं तसा आवाज झाला आणि तो कागदासकट खाली बसला, मग आडवा झाला. पांढरी दाढी लाल झाली. मग त्यांची सगळी माणसं एकदम आली.

दगड, घण, दांडे, जे हातात येईल ते. माझ्या खांद्यावर दांडा बसला, मी एकाच्या गुडघ्यावर पहार घातली, दुसऱ्याचा कान माझ्या दातात आला. मला त्या वेळी भीती नव्हती, उलट बरं वाटत होतं, हेही खरं आहे. कुणीतरी हवेत गोळी झाडली. तेवढ्यात मला रफिक दिसला. तो उठला होता आणि मधोमध उभा होता, दोन्ही हात वर करून, एकदा त्यांच्याकडे तोंड करून आणि एकदा आमच्याकडे. रिकामे हात होते. एका जवान पोराने बंदूक उलटी धरून दस्ता त्याच्या कानशिलावर मारला. रफिक पडला आणि पुन्हा कुणी त्याला हात लावला नाही, त्याची गरजच नव्हती.

पोलीस आले, त्यांनी चौकीवर नेऊन आम्हाला भिंतीशी बसवलं. साहेबाने दुभाष्याकडून कंपनीचं नाव विचारून घेतलं आणि अमीराच्या दफ्तरात फोन लावला. मग म्हणाला, या नावाची कंपनी कधी रजिस्टरच झालेली नाही. डोंगर सालेमच्या कंपनीला दिलेला आहे, रीतसर, शिक्क्याने. फोनवर विचारायला त्याला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला.

मग त्याने विचारलं, "कंपनीच नाही, तर तुम्हाला डोंगरावर आणलं कुणी? सालेमला मारलं कुणी?"

सालेम बेशुद्ध होता, जगेल की नाही सांगता येत नव्हतं. टोळीतले सगळे खाली बघत होते. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतके ते मला भितात.

मी म्हटलं, रफिकने.

साहेबाने विचारलं, रफिक कोण. मी बाहेर बोट दाखवलं, चादरीखाली. मनात म्हटलं, मेलेल्याला आता कोण काय करणार आहे. मी आत गेलो तर हाफिजाला आणि तिच्या पोरीला कोण बघणार. पण हा विचार आधी आला की नाव आधी तोंडातून गेलं, ते मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाला, तुमचा पुढारी मेला, बाकीच्यांनी इथून निघून जा. मयताचं कुणी नातलग असेल त्याने अंगठा देऊन मयत न्यावं, सालेमचं काही बरंवाईट झालं तर मात्र त्याला बोलावू. कोणी आहे का, असं त्याने दोनदा विचारलं. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. मयत तसंच राहिलं असतं तर त्यांनीच कुठेतरी पुरलं असतं.

"मी. माझा भाऊ आहे."

दारात हनीफ उभा होता. देऱ्यात बातमी पोचल्याबरोबर अलीमियाँ चाचांनी त्याला लॉरीने धाडलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठा दिला आणि मयताकडे गेला.

बाहेर सालेमचे पुतणे थांबलेले. आमच्या पुढाऱ्याचा भाऊ म्हटल्यावर त्यांनी हनीफला गेटाबाहेर पडू दिलं आणि मग धरलं. आम्ही तोवर लॉरीत चढून बसलो होतो. त्यांनी त्याला वाळूत पाडून लाथांनी मारलं, तोंडावर, पोटात, आणि तो हातांनी चादर धरून होता की मयतावर लाथ पडू नये. शिपाई धावत येईपर्यंत मारलं. माझ्या पायाशी ड्रायव्हरची पहार होती. मी, जो कुणाला तिसऱ्यांदा सांगत नाही, तो मी लॉरीत बसून राहिलो. यल्ला, यल्ला म्हणत ड्रायव्हरने गाडी काढली.

गुरुवार, ७ मार्च

सुरा घेऊन नूरुद्दीनला शोधलं. त्याची खोली रिकामी. लाँचने कतारला गेला म्हणतात. बोर्ड मागे राहिला होता, तो मी लाथांनी वाकडा केला, पाय कापला.

त्याच्या गावच्या त्या दोघांना भर बाजारात कॉलरला धरलं. ते शपथेवर म्हणाले, तुम्ही घराण्याचं विचारलंत, आम्ही घराण्याचं सांगितलं, धंद्याचं तुम्ही विचारलं कुठे. मी त्यांना सोडून दिलं. घराणं चांगलं आहे हे अजूनही खरंच आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

सालेम शुद्धीवर आल्याची बातमी आहे. कुणी मारलं ते त्याला आठवत नाही.

रविवार, १७ मार्च

ईद होऊन गेली. मी खोलीतून बाहेर पडलो नाही. धक्क्यावर दुसरी टोळी आमच्या नंबरावर चढली तरी आम्ही बाजूला झालो, मीही.

आज अलीमियाँ चाचांनी सगळ्यांना त्यांच्या खोलीवर बोलावलं. हर्णैची लाँच उद्या निघतेय. तिचा तांडेल बसला होता, हाफिजाला खबर तोच सांगणार. टोळी भिंतीला टेकून बसली होती. कोपऱ्यात हनीफ होता. एक डोळा अजून उघडत नाही, श्वास घेताना बरगडी धरतो. रफिकला त्याने तिथेच माती दिली, तिथल्या चार परक्या माणसांना हात जोडून जनाज्याला उभं केलं.

तांडेलाने विचारलं, हाफिजाला नक्की काय सांगू. ती विचारणारच, तिथे गेला कुणाबरोबर.

चौकीवर सगळे खाली बघत होते, आज सगळे माझ्याकडे बघत होते. धक्क्यावर इतकी वर्षं माणसं लोळवली, पण एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

मी म्हटलं, "मी नेलं."

अलीमियाँ चाचा हळूच म्हणाले, "हे चौकीवर बोलायचं होतं, खैरू."

तांडेल गोंधळला. त्याला वाटलं, निरोप एवढाच असेल. त्याने पुन्हा विचारलं, इतकंच सांगू का. हनीफ माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता, त्यात राग नव्हता, आणि राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तांडेलाला सांगितलं, "सांगा, तुझ्या भावाने नेलं. मारणारा तुझा भाऊ होता आणि नाव तुझ्या नवऱ्याचं सांगितलं. आणि मयताचं कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा तुझा भाऊ तिथे बसला होता."